गिटारच्या पोटातला ढोल

लिओनेल लुएके या बेनिनच्या गिटारवादकाचा ‘हेरिटेज’ हा अल्बम ऑगस्ट २०१२मध्ये ब्लू नोट कंपनीनं काढला. एका ओळीत त्याची ओळख करून द्यायची, तर कुणीही असंच सांगेल: जॅझ गिटार, तिला फंक-रॉकची चाल, सोबत आफ्रिकी तालवाद्यं आणि आफ्रिकी गाणं. यात खोटं काही नाही. पण हे वाचून अल्बम लावणारा माणूस पहिली पाच-सात मिनिटं त्या तालवाद्यांची वाट बघत बसतो. ड्रमसेट ऐकू येतो, बास येतो, मधूनच पियानो येतो. ढोल कुठे आहे? वादकांच्या यादीतही ढोल वाजवणाऱ्याचं नाव नाही. आणि तरीही कुणीतरी चामड्यावर बोटं आपटतंय, लाकडावर टिचक्या मारतंय, जीभ टाळूला लावून टक् टक् करतंय, असं सारखं ऐकू येतं. यातलं बहुतेक सगळं एकाच माणसाचं काम. त्याच्या मांडीवर गिटार, तोंडासमोर मायक्रोफोन, पायाशी काही पेडल, बस्स.

लुएकेनं ढोल गिटारमध्ये आणला कसा, हा प्रश्न मला या अल्बमच्या कुठल्याही वर्गवारीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. आणि त्याचं उत्तर शोधत गेलं की लक्षात येतं, त्यानं तो आणलेला नाही. ढोल तिथे आधीच होता. तो तिथे का जाऊन बसला याची गोष्ट लुएकेच्या जन्माच्या अडीचशे वर्षं आधी सुरू होते. पण आधी माणसाबद्दल.

लुएकेचा जन्म १९७३ सालचा, बेनिनमधल्या कोतोनू शहरातला. फ्रेंचांच्या ताब्यातली दाहोमी ही वसाहत १९६० साली स्वतंत्र झाली आणि १९७५ साली त्या देशानं बेनिन हे नाव घेतलं; म्हणजे हा मुलगा देशाच्या नव्या नावापेक्षा दोन वर्षांनी मोठा. लहानपणी त्याच्या हातात होती ती तालवाद्यं, आणि तोंडात गाणं. गिटार आली सतराव्या वर्षी. थोरला भाऊ गिटार वाजवायचा, त्याचं बघून. पहिली गिटार घ्यायला पन्नास डॉलर लागत होते आणि ते जमवायला त्याला वर्षभर लागलं, असं तो सांगतो. तारा मिळत नसत. होत्या त्याच तो व्हिनेगरमध्ये बुडवून साफ करी, तुटल्या की गाठ मारून पुन्हा चढवी, आणि गाठ मारण्यापलीकडे गेल्या तेव्हा त्यानं सायकलच्या ब्रेकची केबल उलगडून गिटारला लावली.

ही गोष्ट त्याच्या प्रत्येक परिचयात येते, गरिबीतून वर आलेल्या कलावंताची गोष्ट म्हणून. मला ती निराळ्या कारणासाठी सांगावीशी वाटते. ब्रेकची केबल ताणून लावलेल्या गिटारवर स्वर फार वेळ टिकत नाही आणि गोड तर मुळीच लागत नाही. अशा वाद्यावर शिकणाऱ्याचं लक्ष स्वराच्या लांबीकडून त्याच्या आघाताकडे वळलं असणार. हा माझा तर्क आहे, पण अल्बम ऐकताना तो सोडवत नाही.

पुढे एक मित्र पॅरिसहून जॉर्ज बेन्सनचा एक अल्बम घेऊन आला आणि जॅझ नावाचं काही असतं हे या मुलाला कळलं. नोटेशन येत नव्हतं, शिकवणारं कुणी नव्हतं. त्यानं बेन्सनचे तुकडे कानानं उतरवून घेतले. त्यानंतर तो आयव्हरी कोस्टमध्ये आबिजानच्या कलाशाळेत शिकायला गेला. तिथे पैसे संपले, तेव्हा एका क्लबात वादकांची मधली सुट्टी झालेली पाहून तो सरळ मंचावर चढला, तिथली गिटार उचलली आणि वाजवायला लागला. दारावरचे लोक त्याला खाली ओढायला धावले. व्यवस्थापकानं ऐकलं आणि नोकरी दिली. मग पॅरिस, मग १९९९मध्ये शिष्यवृत्ती घेऊन बॉस्टनचं बर्कली कॉलेज, आणि २००१मध्ये लॉस एंजेलिसमधली थेलोनियस मंक इन्स्टिट्यूट. तिथल्या निवडीच्या वेळी समोर बसले होते हर्बी हँकॉक, वेन शॉर्टर आणि टेरेन्स ब्लँचर्ड. पुढे ब्लँचर्डनं त्याला आपल्या ताफ्यात घेतलं, हँकॉकनंही घेतलं. ब्लँचर्ड न्यू ऑर्लिन्सचा. शहराचं हे नाव लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

आता वाजवण्याकडे वळू. लुएके तारा छेडायची पट्टी वापरत नाही. उजव्या हाताची बोटं सुटी चालतात: अंगठा खालच्या तारांवर बासची ओळ धरतो, बाकीची बोटं वर सुरावट विणतात. अनेक वर्षं तो नायलॉनच्या तारा वापरत आला. कधी तो तारांच्या मध्ये कागदाची घडी सरकवतो. मग स्वर बंद होतो, थरथरत, खरखरत वाजतो, आणि कलिंब्याच्या लोखंडी पट्ट्या अंगठ्यानं छेडल्यासारखा भासतो. पश्चिम नि मध्य आफ्रिकेतल्या कित्येक वाद्यांना मुद्दाम शिंपले, बाटलीची बुचं, पत्र्याच्या चकत्या लावलेल्या असतात, सुराबरोबर खरखर यावी म्हणून. स्वच्छ, नितळ स्वर हा गुण मानणाऱ्या कानाला ती खरखर दोष वाटते. त्या वाद्यांच्या घरात ती नसेल तर वाद्य अपुरं. डाव्या हाताचा तळवा तारांवर टेकवला की तार वाजत नाही, फक्त थाप ऐकू येते. मधूनच गिटारच्या लाकडावर बोटांचा ठोका पडतो.

आणि तोंड. लुएके गातो तेव्हा बऱ्याचदा गिटारचीच ओळ गातो, तीच, त्याच क्षणी, कधी वरच्या सप्तकात. शब्द असले तर बहुधा फॉन किंवा मिना भाषेतले. शब्द नसतात तेव्हा जिभेचे टाळ्याला लावलेले ठोके असतात, दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेतल्या व्यंजनांची आठवण करून देणारे. तबल्याची पढंत ऐकलेल्या माणसाला इथे पटकन जवळीक वाटेल, आणि ती बरोबरच आहे: तालवाद्याचं बोलणं तोंडानं करून दाखवणं दोन्हीकडे आहे. फरक असा, की आपल्याकडे पढंत आधी होते आणि मग हात तेच वाजवतो. इथे तोंड आणि हात एकाच वेळी निरनिराळं बोलतात आणि मधल्या जागा एकमेकांना देतात.

बोलणं हा शब्द मी शोभेसाठी वापरलेला नाही. फॉन काय, योरुबा काय, या स्वरांवर चालणाऱ्या भाषा आहेत. अक्षर उंच म्हटलं की खाली, यावर अर्थ ठरतो. म्हणून योरुबा लोकांचा, दोऱ्या आवळून सूर चढवता-उतरवता येणारा ढोल खरोखरच वाक्यं बोलू शकतो आणि ऐकणाऱ्याला ती समजतात. ज्या मुलुखात ढोल भाषा बोलतो आणि भाषा सुरात चालते, तिथे ‘सुरवाद्य’ आणि ‘तालवाद्य’ अशा दोन खोल्या घरात बांधलेल्या नसतात.

तालाचं गणितही थोडं पाहू, कारण अल्बमवरच्या लयीची चव त्यात आहे. बेनिन, टोगो, घाना, नायजेरिया या पट्ट्यात देवकार्याच्या आणि नाचाच्या वादनाचा कणा असते लोखंडी घंटा. तिचा सगळ्यात पसरलेला ठेका बारा मात्रांचा आहे. त्यात सात ठोके: पहिली, तिसरी, पाचवी, सहावी, आठवी, दहावी आणि बारावी मात्रा. टाळी देऊन बघावं. बारा मात्रा तीन-तीनच्या चार गटांत मोजल्या तर एक चाल मिळते, दोन-दोनच्या सहा गटांत मोजल्या तर दुसरी, चार-चारच्या तीन गटांत तिसरी. घंटा यातली कुठलीच एक चाल सांगत नाही, सगळ्यांना वाव ठेवते. नाचणाऱ्याचे पाय एका गटात पडतात, गाणाऱ्याची ओळ दुसऱ्यात. आपल्याला सम लागते; समेवर आल्याशिवाय जीव भांड्यात पडत नाही. इथे सम हलती असते, निदान ऐकणाऱ्यासाठी. हाच ठेका, जवळपास ठोक्यास ठोका, क्यूबात सापडतो, हैतीत सापडतो, ब्राझीलच्या बाहियामध्ये सापडतो. तो तिथे कसा गेला हे सांगायला संगीतशास्त्र लागत नाही, जहाजांची नोंदवही पुरते.

कोतोनूच्या पश्चिमेला, चाळीसेक किलोमीटरवर, वीदा नावाचं गाव आहे. ‘हेरिटेज’वरच्या एका रचनेचं नावही ‘वीदा’च आहे. १७२७ साली दाहोमीच्या राजानं हे बंदर जिंकून घेतलं. त्याच्या आधी आणि नंतर मिळून या एका किनाऱ्यावरून दहा लाखांहून अधिक माणसं गुलाम म्हणून अटलांटिकपार नेली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एवढा मोठा आकडा क्वचितच दुसऱ्या बंदराच्या नावावर असेल. आज तिथे किनाऱ्यावर ‘परत न येण्याचं दार’ नावाचं स्मारक उभं आहे, आणि त्याच गावात दर जानेवारीत व्होदून देवतांचा मोठा उत्सव होतो. देवता जहाजांतून गेल्या त्या हैतीत, ब्राझीलमध्ये, लुइझियानात नांदल्या. लुइझियानाच्या फ्रेंच वसाहतीत आफ्रिकेतून थेट गुलाम घेऊन आलेली पहिली जहाजं १७१९ साली लागली. ती वीदाच्या किनाऱ्यावरून निघालेली होती. न्यू ऑर्लिन्स वसून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

गुलामांच्या ढोलाची मालकांना भीती वाटे, आणि ती अनाठायी नव्हती. बोलणारा ढोल निरोप पोचवतो. १७३९ साली साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी बंड झालं. बंडवाले ढोल वाजवत चालले होते. दुसऱ्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि गुलामांच्या ढोलांवर बंदी आली. पुढे काय झालं हे या अल्बमच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं. ढोल गेला तो अंगात शिरला. छातीवर, मांडीवर, गालावर थापा मारत ठेका धरायची ‘जूबा’ नावाची रीत रुळली. पाय फळीवर आपटू लागले, तोंडं ठेक्यानं गाऊ लागली. भोपळ्याच्या बँजोवर आणि पुढे गिटारवर बोटं अशी पडू लागली की तार छेडल्यापेक्षा चामडं वाजवल्यासारखं वाटावं. अमेरिकेत ढोल उघड्यावर वाजत राहिला अशी एक प्रसिद्ध जागा म्हणजे न्यू ऑर्लिन्सचं काँगो स्क्वेअर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे रविवारी गुलामांना जमायची मुभा होती. जॅझ त्याच शहरात जन्मलं.

हे सारं मनात धरून फंककडे पाहिलं की तो ठेका अचानक जुना वाटू लागतो. १९६५च्या सुमाराला जेम्स ब्राउनच्या ताफ्यात जिमी नोलन नावाचा गिटारवादक आला. डाव्या हाताची बोटं तारांवर अर्धवट टेकवलेली, उजवं मनगट वेगानं खालीवर. स्वर थोडा, चर्र-चर्र जास्त. कोंबडी माती उकरते तसा तो आवाज, म्हणून त्याला नावही तसंच पडलं. नोलनची गिटार हे ताफ्यातलं तालवाद्य होतं. बासही तालवाद्य, भोंगेही तालवाद्य, गायकाचं हुंकारणं, किंचाळणंसुद्धा. ब्राउननं सगळ्यांना पहिल्या मात्रेवर वजन टाकायला सांगितलं आणि बाकीच्या मात्रा एकमेकांत वाटून घ्यायला लावल्या. सुरांच्या रचना जवळजवळ थांबल्या. ठेकाच गाणं झाला. ढोल तिथे पुन्हा उघडपणे बोलायला लागला, फक्त आता त्याला सहा तारा होत्या.

मग तबकड्या उलट दिशेनं निघाल्या. ब्राउनचा फंक लागोसला पोचला, फेला कुटी आणि ड्रमर टोनी ॲलन यांनी त्यातून अफ्रोबीट घडवला. लागोसपासून कोतोनू फार लांब नाही. कोतोनूच्या ‘पॉली-रिदमो’ या ऑर्केस्ट्रानं, तो १९६८ला स्थापन झाला, व्होदूनच्या पूजेतले ठेके आणि फंकची गिटार बिनदिक्कत एकत्र वाजवली, कारण त्यांच्या कानांना ती एकाच कुळातली वाटली. लुएके वाढला तो हे सगळं हवेत असलेल्या शहरात. म्हणून त्यानं जॅझमध्ये फंक आणि आफ्रिकी ताल ‘मिसळले’ असं कुणी लिहिलं की मला ते खटकतं. दोन-अडीच शतकं पांगलेली भावंडं एका खोलीत आली तर त्याला मिसळणं म्हणत नाहीत.

‘हेरिटेज’वर ही खोली कुणी सजवली हेही सांगायला हवं. लुएकेचे याआधीचे अल्बम मुख्यतः त्याच्या जुन्या त्रिकुटाचे: बास वाजवणारा मॅसिमो बिओल्काटी, ड्रम वाजवणारा हंगेरीचा फेरेंत्स नेमेथ. तिघं बर्कलीत भेटले होते. त्यांचं वाजवणं झाडावरच्या माकडांसारखं खेळकर, कुणी कुठून उडी घेईल सांगता येत नाही. या वेळी लुएकेनं संगत बदलली. सहनिर्माता म्हणून घेतला रॉबर्ट ग्लास्परला. ग्लास्परचा ‘ब्लॅक रेडिओ’ त्याच वर्षी आला होता आणि जॅझ, हिपहॉप, सोल यांच्यातल्या भिंती त्यानं खिळखिळ्या केल्या होत्या. पुढे त्याला ग्रॅमीही मिळालं. बासवर ग्लास्परच्याच ताफ्यातला डेरिक हॉज आला. ड्रमवर मार्क जुलियाना, जो पुढे डेव्हिड बोवीच्या ‘ब्लॅकस्टार’वर वाजवताना जगानं ऐकला. काही ठिकाणी ग्रेचेन पार्लाटोचा कुजबुजता आवाज आहे. ती आणि लुएके मंक इन्स्टिट्यूटमध्ये बरोबर होते. आणि लुएकेनं नायलॉन बाजूला ठेवून स्टीलच्या तारा चढवल्या.

या शेवटच्या गोष्टीनं सगळ्यात मोठा फरक पडला आहे. स्टीलची तार विजेवर चढवली की स्वर लांबतो, त्याला धार येते, पेडलनं तो फाडता येतो, सप्तकभर वर खेचता येतो. अल्बममधलं ‘रॉक’ आहे ते एवढंच, पण ते पुरतं. जुलियाना ड्रमसेट असा वाजवतो की संगणकावरचे तुटक ठोके हातानं वाजवल्यासारखे वाटतात. हॉज एका ओळीवर ठाण मांडून बसतो, हलत नाही. त्या दोघांनी जमीन इतकी घट्ट धरल्यामुळे लुएकेला घंटेचा तो हलता हिशेब वर मोकळा सोडता येतो.

रचनांची नावं एकामागून एक वाचली तरी नकाशा तयार होतो. ‘इफे’ हे योरुबा लोकांचं आद्य नगर, त्यांच्या श्रद्धेनुसार जिथून जग सुरू झालं ते ठिकाण. ‘वीदा’ बंदर. ‘गॉरे’ हे सेनेगलमध्ये डाकारसमोरचं बेट. गुलामांना डांबून ठेवण्याचं घर म्हणून दाखवलं जाणारं एक घर तिथे आहे आणि १९७८पासून ते बेट जागतिक वारशाच्या यादीत आहे. ‘आफ्रिकन शिप’ला निराळं स्पष्टीकरण नको. त्यांच्या शेजारी ‘फ्रीडम डान्स’ आहे, ‘होप’ आहे. दोन रचना ग्लास्परच्या, ‘ट्रायबल डान्स’ आणि ‘बय्यिना’. एवढा जड नकाशा असूनही अल्बम रडका नाही. वीदाच्या नावानं रचना करताना हा माणूस शोकगीत लिहीत नाही, नाचता येईल असं लिहितो, आणि मला त्यात इतिहासाची समज जास्त दिसते.

तक्रारही नोंदवतो. ग्लास्परच्या हातानं अल्बमला जी सफाई आली आहे ती काही ठिकाणी जास्त झाली आहे. पियानोचे मऊ स्वरपुंज पसरले की लुएकेच्या गिटारची खरखर त्यांखाली दबते. कागदाच्या घडीचा तो उद्धटपणा इथे कमी ऐकू येतो. २००८चा ‘करीबू’, ज्यात हँकॉक आणि शॉर्टर पाहुणे म्हणून आले होते, हा मला याहून धाडसी अल्बम वाटतो. २०१०च्या ‘म्वालिको’मधली अँजेलिक किजोसोबतची गाणी याहून घरगुती आहेत, किजोही बेनिनचीच, वीदाची. पण नव्या श्रोत्याला मी ‘हेरिटेज’च देईन. फंकची चाल ओळखीची असते, पाय आपोआप हलू लागतो, आणि मग त्या हलत्या पायाखालून मात्रा सरकवून नेण्याचा लुएकेचा खोडकरपणा कळतो.

मराठी कानाला तर सुरुवातीची अडचण बहुधा येणारच नाही. संगीतकार पंचमच्या ताफ्यात अमृतराव काटकर रेसो-रेसो घासत होते, कोंगा-बोंगो वाजत होते, फंकची चर्र-चर्र गिटार सत्तरच्या दशकातल्या हिंदी गाण्यांतून आपल्या घरात कधीच येऊन बसली आहे. हे आवाज आपण ऐकलेत. ते कुठून निघाले होते, हे मात्र गाण्याच्या धामधुमीत विचारायचं राहून गेलं.

ऐकताना क्रम पाळायची गरज नाही. पहिल्यांदा ‘फ्रीडम डान्स’ लावा, आणि कानात घालायचे हेडफोन असतील तर ते वापरा, कारण जिभेचे ठोके फोनच्या छोट्या स्पीकरवर विरून जातात. एकदा फक्त बास ऐका. दुसऱ्यांदा बास सोडून गिटारची खालची ओळ धरा. तिसऱ्यांदा बारापर्यंत मोजत बघा. चुकाल, पुन्हा पहिल्यापासून मोजा. मग ‘वीदा’. ‘होप’ रात्रीसाठी राखून ठेवा, गर्दीच्या लोकलमध्ये ते वाया जातं. एवढं झाल्यावर आवडलंच, तर २०१५चा ‘गाया’ शोधा. त्यात लुएके आपल्या जुन्या त्रिकुटाकडे परत गेला आहे, आणि गिटार पुन्हा खरखरते आहे.